ट्रक चार मिनिटांत बंद पडतो तेव्हा आधी पिनियनचे दात मोजा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. गाडी रिमोटवर चालणारी, वन-टेन मापाची (खऱ्या गाडीच्या एक दशांश), टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्सस स्लॅश. मूळची १२ टर्नची ब्रश मोटर काढून तुम्ही ३६६० आकाराची (३६ मिलिमीटर व्यास, ६० मिलिमीटर लांबी), ४६०० केव्हीची, सेन्सर नसलेली ब्रशलेस मोटर बसवलीत. सोबत १२० अँपिअरचा कंट्रोलर, म्हणजे बॅटरीतून मोटरला किती करंट सोडायचा ते ठरवणारा भाग. बॅटरी २एसऐवजी ३एस, म्हणजे दोनऐवजी तीन सेलची लायपो (लिथियम पॉलिमर). स्पर (पिनियन ज्याला फिरवतो ते मोठं दातेरी चाक) मूळचाच ८६ दातांचा, पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचं लहान दातेरी चाक) २१ दातांचा. नागपुरात मे महिन्यात, संध्याकाळी पाच वाजता, मैदानावर गाडी तीन-चार मिनिटं सुसाट पळते आणि मग कंट्रोलर बंद पडतो. मोटरला हात लावला तर चटका बसतो. उभ्यावरून निघताना गाडी गचके खाते, ते वेगळंच. आता १६० अँपिअरचा कंट्रोलर घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

घेऊ नका. तुमचा कंट्रोलर आपलं काम चोख करतोय. तो तापला म्हणून थांबला, आणि थांबला म्हणून मोटर वाचली. मोठा कंट्रोलर घेतलात तर तो थांबणार नाही. मग आधी मोटर जाईल, किंवा बॅटरी फुगेल. मी गेली चौदा वर्षं हे ट्रक चालवतोय आणि दुरुस्तही करतोय. माझ्याकडे जळून आलेल्या बहुतेक मोटरींच्या मागे एकच कारण निघालं: मोटर बदलली, पिनियन तोच राहिला.

गणित करून पाहू, कारण ते सोपं आहे आणि एकदा हाती आलं की आयुष्यभर पुरतं. केव्ही म्हणजे एका व्होल्टला मोटर बिनओझ्याची किती फेरे फिरते तो आकडा, मिनिटाला. किलोव्होल्टशी त्याचा काही संबंध नाही. ४६०० गुणिले ३एसचे ११.१ व्होल्ट, म्हणजे मिनिटाला ५१,०६० फेरे. बॅटरी काठोकाठ भरलेली असते तेव्हा ती १२.६ व्होल्ट देते. म्हणजे जवळजवळ ५८,००० फेरे. या आकाराच्या मोटरींना निर्माते साधारण ५०,००० फेऱ्यांच्या आसपासची मर्यादा सांगतात. इथेच तुम्ही रेषेच्या पलीकडे गेलात. तुमची जुनी ब्रश मोटर २एसवर याच्या निम्मेही फेरे घेत नव्हती.

पुढे गिअर. तुमच्या गाडीच्या गिअरबॉक्सचं नाव मॅग्नम २७२ आहे आणि नावातच उत्तर दडलंय: आतलं गुणोत्तर २.७२. स्पर भागिले पिनियन गुणिले २.७२ केलं की एकूण गुणोत्तर मिळतं. ८६ भागिले २१, गुणिले २.७२, म्हणजे ११.१४. मोटर अकरा फेरे फिरली की चाक एकदा फिरतं. शॉर्ट कोर्सचं, म्हणजे तुमच्या स्लॅशसारख्या ट्रकचं टायर साधारण ११० मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे परीघ सुमारे ३४.५ सेंटिमीटर. गुणाकार पूर्ण केला की ताशी ९५ किलोमीटर येतात. आता विचार करा. अडीच किलोच्या आसपासची गाडी, मागची दोनच चाकं जोर लावणारी, खाली सुटी माती, आणि तुम्ही मोटरला सांगताय की मला ताशी ९५ने पळव. मैदानावर ती कधीच तिथे पोचणार नाही. प्रत्येक वळणानंतर ती त्या वेगाकडे धाव घेईल, मध्येच तुम्ही ब्रेक लावाल, आणि ती पुन्हा धाव घेईल. मोटर आपल्या फेऱ्यांच्या वरच्या टप्प्यात जितकी राहील तितकी ती थंड राहते. खालच्या टप्प्यात, ओझ्याखाली, ती करंट पिते आणि त्यातला मोठा भाग उष्णता होऊन तिच्याच वाइंडिंगमध्ये, म्हणजे तांब्याच्या वेढ्यांत राहतो.

पिनियनचा परिणाम किती असतो तेही आकड्यात पाहा. चाकाला तेवढीच ओढ द्यायची तर मोटरला लागणारा करंट पिनियनच्या दातांच्या प्रमाणात वाढतो, आणि तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. २१ भागिले १६ म्हणजे १.३१, त्याचा वर्ग १.७२. म्हणजे १६ दातांच्या जागी २१ दातांचा पिनियन लावलात की त्याच ओढीला वाइंडिंगमध्ये ७२ टक्के जास्त उष्णता. पाच दातांचा फरक आहे हा! कंट्रोलर बदलून यातलं काहीच कमी होत नाही.

म्हणून पहिलं काम: १६ दातांचा पिनियन आणा. तुमच्या गाडीचा पिच, म्हणजे दात किती बारीक आहेत ते माप, ४८ आहे. ३२ पिचचा पिनियन चुकून आणलात तर दात जुळणार नाहीत आणि प्लॅस्टिकचा स्पर पहिल्याच झटक्यात सोलून निघेल. मोटरचा शाफ्ट ३.१७ मिलिमीटरचा आहे की ५ मिलिमीटरचा, तेही दुकानात जाण्याआधी मोजा. ३६ मिलिमीटर व्यासाच्या मोटरींमध्ये दोन्ही मिळतात आणि घरी आल्यावर कळलं की चडफडाट होतो.

दुसरं काम: या मोटरसोबत २एसच वापरा. ४६०० गुणिले ७.४ म्हणजे ३४,०४० फेरे. १६ दातांवर एकूण गुणोत्तर १४.६२ येतं आणि कागदावरचा वेग ताशी ४८ किलोमीटर. प्रत्यक्षात पंधरा-वीस टक्के कमी धरा. तुम्हाला हे ऐकायला कमी वाटेल. पण टू-व्हील ड्राइव्ह ट्रकला मैदानावर याहून जास्त वेग वापरताच येत नाही. मर्यादा टायरच्या पकडीची आहे, मोटरची नाही. हा ट्रक वळणातून किती लवकर उचल घेतो यात मजा आहे आणि लहान पिनियन तीच उचल देतो.

इथे कोणी म्हणेल, ‘मग ३एस वाईटच का?’ मुळीच नाही. उलट, पुढेमागे ३एसवरच जायचं असेल तर मी ३२०० केव्हीच्या आसपासची मोटर घ्यायला सांगेन. ३२०० गुणिले ११.१ म्हणजे ३५,५२० फेरे. म्हणजे वेग जवळपास ४६०० केव्ही आणि २एस इतकाच. फायदा वेगळ्या ठिकाणी होतो. समजा गाडी ७४० वॉट ओढतेय. २एसवर त्यासाठी १०० अँपिअर लागतात, ३एसवर साधारण ६७. वायर, प्लग आणि कंट्रोलरच्या आतले भाग यांतली उष्णता करंटच्या वर्गाने ठरते, म्हणजे तिथे ती निम्म्याहून कमी होते. मोटरच्या वाइंडिंगमध्ये मात्र फार फरक पडत नाही, कारण कमी केव्हीच्या मोटरला वेढे जास्त आणि तार बारीक असते, त्यामुळे तिचा रोधही वाढतो. ‘कमी केव्ही म्हणजे जास्त ताकद’ असं सरसकट बोललं जातं, ते पूर्ण खरं नाही. एका अँपिअरमागे ओढ जास्त मिळते, हे खरं. पण एकाच आकाराची मोटर एकूण किती ओढ सोसू शकते ते तिच्या लोखंड-तांब्याच्या वस्तुमानावर ठरतं, केव्हीवर नाही. ताकद हवी असेल तर मोठी मोटर घ्या, आणि ती बसवायला गाडीत जागा आहे का ते आधी बघा.

आता गचक्यांबद्दल. यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण लोक यात सगळ्यात जास्त पैसे वाया घालवतात.

सेन्सर नसलेल्या मोटरमध्ये रोटर, म्हणजे आतला फिरणारा चुंबकाचा भाग, कुठे आहे हे कंट्रोलरला थेट दिसत नाही. तीन वायरींपैकी ज्या वायरीत त्या क्षणी करंट सोडलेला नसतो, तिच्यात फिरत्या चुंबकामुळे उलट व्होल्टेज तयार होतं. कंट्रोलर ते वाचतो आणि रोटरची जागा ओळखतो. पण मोटर उभी असेल तर ते व्होल्टेज शून्य असतं. मग कंट्रोलर अंदाजाने पहिला धक्का देतो. अंदाज चुकला तर रोटर उलटा ढकलला जातो, पुन्हा सुलटा, आणि आपल्याला गाडी थरथरताना दिसते. थोडी थरथर हा या पद्धतीचा स्वभावच आहे. ट्रिगर हळूच दाबून गाडी चालत्या माणसाच्या वेगाने चालवायची असेल, तर सेन्सर नसलेली मोटर तिथे रुसणारच. पण तुमची गाडी जोरात निघतानाही गचके खाते, असं तुम्ही लिहिलंय. तो स्वभाव नाही, तो आजार आहे.

त्याची कारणं मी या क्रमाने तपासतो. पहिलं, गिअर फार जड असणं. ते आपण वर पाहिलंच. मोटरला पहिला फेरा पूर्ण करायला जितका वेळ लागतो तितका कंट्रोलर जास्त काळ चाचपडतो. दुसरं, बॅटरी. पाकिटावर ५० सी, १०० सी असं काहीही छापलेलं असतं; सी म्हणजे क्षमतेच्या किती पट करंट काढता येतो तो आकडा. ५००० एमएएचच्या पॅकवर ५० सी म्हणजे २५० अँपिअर, आणि बारीकशा प्लगमधून सलग २५० अँपिअर काढून दाखवणारा मला अजून भेटलेला नाही. त्या आकड्यापेक्षा चार्जरवर सेलचा आंतरिक रोध बघा. ५००० एमएएचचा चांगला सेल दोन ते चार मिलिओम दाखवतो. दहाच्या पुढे गेलेला सेल थकलेला समजा. दोन सेलचे मिळून वीस मिलिओम आणि ओढ ८० अँपिअरची, म्हणजे १.६ व्होल्ट बॅटरीच्या आतच गळाले. निघतानाच्या नेमक्या त्या क्षणी कंट्रोलरला व्होल्टेज कमी पडतं आणि गाडी गचका खाते. मित्राची चांगली बॅटरी पाच मिनिटं मागून लावून बघा. गचके गेले, तर निदान फुकटात झालं.

तिसरं कारण सोल्डर. प्लग आणि मोटरच्या गोळीसारख्या कनेक्टरचे जोड नीट बघा. जोड चकचकीत आणि वायरीत मुरलेला दिसायला हवा; वर मण्यासारखा बसलेला, मळकट, दाणेदार जोड म्हणजे कच्चा जोड. घरातला २५ वॉटचा सोल्डरिंग गन या जाड वायरींना पुरत नाही. जोड तापेपर्यंत वायरीचं आवरण वितळतं आणि तरी सोल्डर आत जात नाही. ६० ते ८० वॉटचा, रुंद टोकाचा घ्या, रोझिनचा फ्लक्स लावा, आणि सोल्डर करताना प्लगमध्ये त्याचा जोडीदार प्लग अडकवून ठेवा, म्हणजे उष्णतेने पिना वाकड्या होत नाहीत. खेळून झाल्यावर लगेच प्लगला बोट लावून बघण्याची सवय ठेवा. वायर कोमट आणि प्लग चटका देणारा असेल, तर तुमचा चोर तिथे आहे.

आणि मोटर फिरतच नसेल, नुसती जागेवर थरथरत असेल, तर तीनपैकी एका वायरीचा संपर्क तुटलाय. अशा वेळी ट्रिगर दाबून दाबून बघू नका. उरलेल्या दोन वायरींवर सगळा भार येतो आणि कंट्रोलरच्या आतले भाग काही सेकंदांत जाऊ शकतात.

गाडी उलटी पळत असेल, तर सेन्सर नसलेल्या मोटरच्या तीनपैकी कोणत्याही दोन वायरी आपसात बदला, दिशा सुधारते. सेन्सरवाल्या मोटरला हे चालत नाही. तिथे ए ला ए, बी ला बी, सी ला सी असंच लागतं, आणि दिशा कंट्रोलरच्या सेटिंगमधून बदलायची. घाईत ही चूक होते आणि महाग पडते.

मोटर बसवताना एका गोष्टीकडे फार थोडे लोक बघतात: स्क्रूची लांबी. पुढच्या तोंडाला एम-३ चे दोन स्क्रू लागतात. काही वर्षांपूर्वी माझा एक ८ मिलिमीटरचा स्क्रू हरवला म्हणून मी १० मिलिमीटरचा लावला. तो आत जाऊन वाइंडिंगला टेकला. तारेवरचं लाखेचं आवरण खरवडलं गेलं आणि नवी मोटर पहिल्याच दिवशी कंट्रोलरसकट गेली. तेव्हापासून मी स्क्रूच्या लांबीतून मोटर बसते त्या प्लेटची जाडी वजा करून, स्क्रू आत किती जातोय ते मोजल्याशिवाय आवळत नाही. निर्मात्याच्या कागदावर कमाल खोली दिलेली असते, ती वाचा.

पिनियन आणि स्पर यांच्यात वहीच्या कागदाची पट्टी घालून दात दाबा, स्क्रू आवळा, पट्टी फिरवून काढून घ्या. मग स्पर पूर्ण एक फेरा हाताने फिरवून चार-पाच ठिकाणी हलकासा खडखड खेळ आहे ना ते बघा, कारण प्लॅस्टिकचा स्पर क्वचितच अगदी गोल असतो. दात फार घट्ट बसले तर मोटर विनाकारण तापते आणि बेअरिंग जातं, फार सैल बसले तर दात जातात. पिनियनचा बारीक स्क्रू शाफ्टच्या सपाट भागावरच यायला हवा, आणि त्याला निळं थ्रेडलॉक लावा. लाल नको, ते तापवल्याशिवाय सुटत नाही.

कॅलिब्रेशन तुम्ही केलंय का, ते तुमच्या लिहिण्यातून कळत नाही. कंट्रोलर नवा असेल किंवा रिमोट बदलला असेल तर ते करावंच लागतं. रिमोटवर थ्रॉटलचा ट्रिम शून्यावर, प्रवास शंभर टक्क्यांवर. गाडी डब्यावर ठेवा, चाकं हवेत. पहिल्या वेळी तर मी पिनियनही स्परपासून दूर सरकवून ठेवतो. मग सेट बटण दाबून कंट्रोलर सुरू करायचा आणि तो मागेल तसं मधली जागा, पूर्ण पुढे, पूर्ण ब्रेक, असं शिकवायचं. फुटाबा कंपनीच्या रिमोटवर बहुतेक कंट्रोलरना थ्रॉटल चॅनेल रिव्हर्स करावा लागतो, नाहीतर पुढे दाबल्यावर ब्रेक लागतो. शेवटी एक चाचणी न चुकता करा: चाकं हवेत असताना हलका थ्रॉटल धरून रिमोट बंद करा. चाकं थांबलीच पाहिजेत. थांबली नाहीत तर रिसीव्हरचा फेलसेफ (सिग्नल तुटला की थ्रॉटल बंद करणारी सोय) लावल्याशिवाय गाडी जमिनीवर ठेवू नका. ही गाडी ताशी पन्नासने एखाद्या मुलाच्या पायावर आदळली तर काय होईल, याचा विचार आधी करायचा. रिमोट आधी सुरू करायचा आणि शेवटी बंद करायचा, हाही नियम त्याचसाठी.

सेटिंगमध्ये मी आधी कटऑफ बघतो, म्हणजे किती व्होल्टला कंट्रोलरने थांबायचं ते. लायपोला सेलमागे ३.२ व्होल्टच्या खाली नेऊ नका, मी ३.४ ठेवतो. दोन मिनिटं कमी खेळायला मिळतं, पण बॅटरी दुप्पट टिकल्यासारखी वाटते. निकेल मेटल हायड्राइड बॅटरीची सेटिंग ठेवून लायपो वापरली, तर ती एका दुपारीच मरू शकते. मग पंच, म्हणजे ट्रिगर दाबल्यावर किती झपाट्याने करंट सोडायचा. सुरुवात खालच्या दोन-तीन पायऱ्यांवरून करा. टू-व्हील ड्राइव्हमध्ये जास्त पंच म्हणजे मागची चाकं जागच्या जागी माती उकरतात आणि बॅटरीवर एकदम ताण येतो; गचक्यांनाही तोच हातभार लावतो. ब्रेक ५० टक्क्यांपासून सुरू करा, कारण तुमच्या गाडीत ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो आणि जोरात लागला की गाडी लट्टूसारखी फिरते. ड्रॅग ब्रेक, म्हणजे ट्रिगर सोडल्यावर आपोआप लागणारा ब्रेक, शॉर्ट कोर्सला शून्य किंवा पाच टक्के. दगडांवर चढणाऱ्या क्रॉलर गाडीला मात्र तो पूर्ण शंभर लागतो, नाहीतर उतारावर ती घरंगळते.

टायमिंगला, म्हणजे करंट एका वायरीतून दुसरीत किती अंश आधी वळवायचा त्या सेटिंगला, हात लावू नका. खरंच सांगतो. टायमिंग वाढवलं की फेरे वाढतात, पण तेवढ्याच ओढीला करंट जास्त लागतो आणि मोटर जास्त तापते. तुमच्या गाडीला फेरे आधीच नको इतके आहेत. ७.५ ते ११.२५ अंशांच्या दरम्यान कुठेतरी ठेवा आणि विसरून जा.

मध्येच स्टीअरिंग मरतं आणि मग परत येतं, अशी तक्रार तुम्ही केली नाही, पण पुढे येऊ शकते. ताकदवान सर्व्हो, म्हणजे स्टीअरिंग वळवणारी छोटी मोटर, अडकला की एकटाच तीन-चार अँपिअर मागतो. कंट्रोलरमधला बीईसी, म्हणजे रिसीव्हरला सहा व्होल्ट पुरवणारा भाग, तेवढा देऊ शकला नाही तर रिसीव्हर क्षणभर झोपतो. लोक रिमोटच्या रेंजला दोष देतात. सर्व्हो घेण्याआधी बीईसीचे अँपिअर वाचा.

आता तापमानाकडे येतो, कारण सगळं सेटिंग शेवटी त्याच्यावरच ठरवायचं असतं. इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. एक खबरदारी: चकचकीत धातूवर तो चुकीचा, बराच कमी आकडा दाखवतो. मोटरच्या पत्र्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा नखाएवढा तुकडा चिकटवा आणि त्याच्यावर मोजा. मी एकदा उघड्या ॲल्युमिनियमवर ५० अंश वाचून निश्चिंत झालो होतो. टेपवर तीच मोटर ८४ निघाली.

पद्धत अशी. लहान पिनियन, पूर्ण भरलेली बॅटरी, पाच मिनिटं नेहमीसारखं चालवणं, थांबून लगेच मोजणं. मोटर ६५च्या खाली असेल तर एक दात वाढवू शकता. ७५ ते ८० ही माझी वरची रेषा. त्यापुढे आतलं वाइंडिंग बाहेरच्या पत्र्यापेक्षा बरंच जास्त तापलेलं असतं. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजायचं. पिनियन, बॅटरी, टायर आणि तापमान यांची छोटी वही ठेवा. मोठी टायरं लावणं म्हणजे दात वाढवणंच असतं: ११० मिलिमीटरच्या जागी १२५ लावलीत तर १६ दातांचा पिनियन १८ दातांसारखा वागतो.

इतकी काळजी का, तर रोटरमधलं निओडिमियम चुंबक. गरम झालं की त्याचा जोर थोडा कमी होतो आणि थंड झाल्यावर परत येतो. पण त्याच्या प्रतीला ठरलेल्या तापमानापलीकडे गेलं तर काही जोर कायमचा जातो. जोर गेला की केव्ही वाढतो, म्हणजे तेवढ्याच ओढीला अधिक करंट, म्हणजे आणखी उष्णता, म्हणजे आणखी जोर जाणार. अशी मोटर हातात धरून फिरवली तर पूर्वीपेक्षा जोरात घोंघावते आणि जमिनीवर मात्र दम नसतो. तुमची मोटर किती वेळा चटका बसेपर्यंत तापली असेल ते मला माहीत नाही, पण नव्या पिनियनवरही ती लवकर तापत राहिली तर हा संशय मनात ठेवा.

तुम्ही नागपूरला आहात, हा तर यातला फार महत्त्वाचा मुद्दा. मोटरचं तापमान हवेच्या तापमानावर चढतं. जानेवारीच्या सकाळी नाशिकला १५ अंशांत माझी मोटर ६५ला थांबत असेल, तर ती ५० अंश चढली. तीच गाडी, तोच पिनियन, तुमच्याकडे मेमध्ये ४३ अंशांत चालवली तर ९३. त्यातही तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्क्याने वाढतो, म्हणजे त्या २८ अंशांच्या फरकाने ११ टक्के रोध वाढला आणि प्रत्यक्षात आकडा ९३च्याही वर जाईल. परदेशातले व्हिडिओ बघून आपण गिअर ठरवतो, तिथे बाहेर १८-२० अंश असतात, हे विसरतो. विदर्भात उन्हाळ्यासाठी हिवाळ्यापेक्षा दोन दात कमी ठेवा, किंवा सकाळी सहाला चालवा. बॅटरीचा पॅक उन्हात उभ्या कारच्या डिकीत ठेवू नका.

पंखा लावा, पण औषध म्हणून नाही. ३० मिलिमीटरचा पंखा आणि मोटरवर क्लिप होणारं हीटसिंक यांनी काही अंश उतरतात, एवढंच. पंख्याचं व्होल्टेज बघून जोडा. काही कंट्रोलरच्या पंख्याच्या पिनेवर थेट बॅटरीचं व्होल्टेज येतं आणि ३एसवर पाच व्होल्टचा पंखा लगेच जातो.

पावसाळ्यात तुमची काळी माती वेगळाच प्रश्न उभा करेल. ती टायरला लिंपत जाते, एकेक चाक दुप्पट जड होतं, आणि मोटर नुसती चाकंच नाही तर तो चिखलही फिरवत बसते. त्या दिवशी आणखी एक दात कमी, किंवा सरळ सुट्टी. उंच गवताचंही तसंच. बाहेरून मऊ दिसतं, पण मोटरला ते चढासारखं असतं. कोकणातल्या जांभ्याची लाल धूळ मात्र पिठासारखी बेअरिंगमध्ये शिरते, तिकडे चालवून आल्यावर मोटरच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगला पातळ तेलाचा एकेक थेंब द्या. कंट्रोलर पाणीरोधक असला तरी पंखा आणि सर्व्हो तसे असतीलच असं नाही.

चार्जिंगबद्दल थोडंच सांगतो. ५००० एमएएचचा पॅक पाच अँपिअरवर, बॅलन्स (सगळे सेल सारखे भरण्याची सोय) लावून, आणि चार्ज होताना खोलीत तुम्ही हजर. आठवडाभर खेळणार नसाल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा. तुमच्या ३एस पॅकवर गाडी तापून बंद पडत आलीय, तेव्हा तो पॅक फुगला आहे का ते सपाट टेबलावर ठेवून बघा. डुलत असेल तर तो पुन्हा वापरू नका.

आणि स्लिपर क्लच, म्हणजे जोराचा झटका बसला की घसरून गिअर वाचवणारा भाग. ब्रश मोटरच्या काळात तो जितका आवळलेला होता तितकाच आता राहिला असेल, तर ब्रशलेसचा पहिला झटका थेट गिअरबॉक्समधल्या प्लॅस्टिकच्या दातांवर जातो. दोन्ही मागची चाकं घट्ट धरून स्पर अंगठ्याने पुढे ढकला. थोडा जोर लावल्यावर तो घसरायला हवा. मैदानावर पूर्ण थ्रॉटलने निघताना पहिला अर्धा मीटर हलकी किरकिर ऐकू यावी, त्यापुढे नाही. सतत किरकिरत राहिला तर त्याची उष्णता स्परला वितळवेल.

येत्या रविवारी सकाळी १६ दातांचा पिनियन आणि २एस लावून पाच मिनिटं चालवा. मग मला चार आकडे पाठवा: बाहेरचं तापमान, टेपवरचं मोटरचं तापमान, कंट्रोलरचं तापमान, आणि चार्जरवर दिसणारा दोन्ही सेलचा रोध. गचके तेव्हाही राहिले तर प्लगच्या जोडांचा जवळून काढलेला फोटोही जोडा. पुढचा पिनियन आपण त्यावरून ठरवू.